संगणकीय पत्त्यात देशाचे नाव : काही देशांत ते का रुजले नाही?

इंटरनेट या संगणकांच्या जागतिक जाळ्यावर प्रत्येक संकेतस्थळाला स्वतःचा पत्ता असतो. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळाचा पत्ता ‘महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ असा आहे. यातील ‘जीओव्ही’ हे पद शासनाचे, तर शेवटचे ‘इन’ हे दोन रोमन अक्षरांचे पद भारताचे निदर्शक होय. याउलट लोकसत्ता, लोकमत, सकाळ आणि महाराष्ट्र टाइम्स या मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांचे पत्ते पाहिले, तर चारही ‘डॉट कॉम’ने संपतात. वाचक मराठी, मजकूर मराठी, कार्यालये महाराष्ट्रात. पत्त्याचे शेवटचे पद मात्र अमेरिकेतील एका खाजगी कंपनीच्या नोंदवहीतले.

ही स्थिती एकट्या भारताची नाही. ज्या देशात इंटरनेटचा जन्म झाला, त्या अमेरिकेतच अमेरिकेचे देशनिदर्शक पद सर्वांत उपेक्षित राहिले आहे. दुसरीकडे जर्मनी व नेदरलँड्स या देशांत सामान्य दुकानदारही देशाचे पद मोठ्या विश्वासाने वापरतो. हा फरक का पडला, याचा विचार करणे अगत्याचे आहे. कारण त्याची उत्तरे तंत्रज्ञानात थोडी आणि प्रशासनाच्या रीतीत पुष्कळ सापडतात.

दोन अक्षरांची व्यवस्था

संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाला ते आकडे लक्षात ठेवणे अवघड. म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने आकड्यांना नावे जोडणारी पद्धती मांडली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉन पोस्टेल यांनी या कामी मोठा वाटा उचलला आणि पुढे नावांच्या व्यवस्थेची देखरेख त्यांच्याकडेच राहिली. पत्त्याच्या शेवटी येणाऱ्या पदांचे दोन वर्ग ठरले. व्यापारी संस्थांसाठी ‘कॉम’, शिक्षणसंस्थांसाठी ‘ईडीयू’, शासनासाठी ‘जीओव्ही’ अशी सर्वसाधारण पदे हा पहिला वर्ग. दोन अक्षरी देशनिदर्शक पदे हा दुसरा.

कोणत्या देशाला कोणती दोन अक्षरे द्यावयाची, हा वादाचा विषय होऊ शकला असता. पोस्टेल यांनी तो मोठ्या चातुर्याने टाळला. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने देशांच्या संक्षेपांची जी यादी अगोदरच तयार केली होती, तीच त्यांनी उचलली. देश कोणता आणि कोणता नव्हे हे ठरविणे आपले काम नाही, असे १९९४ सालच्या दस्तऐवजात त्यांनी स्पष्ट नमूद केले. या यादीत सार्वभौम राष्ट्रांबरोबर दूरची बेटे आणि अंकित प्रदेशही होते. त्याचे विचित्र परिणाम पुढे दिसून आले.

‘मु. पो., ता., जि.’ची अमेरिकी आवृत्ती

अमेरिकेचे ‘डॉट यूएस’ हे पद फेब्रुवारी १९८५ मध्ये कार्यान्वित झाले. देशनिदर्शक पदांतील ते पहिले. ‘डॉट कॉम’खाली पहिले व्यापारी नाव नोंदले गेले ते त्यानंतर, १५ मार्च १९८५ रोजी. म्हणजे शर्यतीत ‘यूएस’ मागाहून आले असे मुळीच नाही. तरीही आज ‘डॉट कॉम’ची नोंदणी १५ कोटींच्या पुढे आहे आणि ‘डॉट यूएस’ची २० लाखांच्या आसपास. सुमारे ३४ कोटी लोकसंख्येच्या देशात १७० माणसांमागे एक नाव असे हे प्रमाण पडते. जर्मनीत ‘डॉट डीई’ची नावे १ कोटी ७० लाखांहून अधिक आहेत, म्हणजे पाच माणसांमागे एक. नेदरलँड्समध्ये तर ‘डॉट एनएल’चे प्रमाण तीन माणसांमागे एक एवढे आहे.

अमेरिकेतील अपयशाचे मूळ नावांच्या रचनेत होते. ही रचना आपल्या वाचकांना परिचित वाटेल, कारण ती ‘मु. पो., ता., जि.’ अशी पत्रावर लिहिण्याच्या पत्त्यासारखीच होती. ‘यूएस’च्या अलीकडे राज्याचे नाव, त्याअलीकडे गावाचे नाव आणि त्याअलीकडे संस्थेचे नाव, अशी ती उतरंड. नगरपालिकेसाठी ‘सीआय’, परगण्यासाठी ‘सीओ’, शाळांसाठी ‘के-१२’, ग्रंथालयांसाठी ‘लिब’ असे संक्षेप ठरवून दिलेले होते. गावोगावच्या नोंदी ठेवण्याचे काम शेकडो स्थानिक व्यवस्थापकांकडे सोपविण्यात आले आणि त्यांतील अनेक जण ते स्वेच्छेने करीत.

कागदावर ही योजना निर्दोष होती. एका नावाच्या दोन शाळा दोन गावांत असल्या तरी घोटाळा होण्याचा संभव नव्हता. विकेंद्रीकरणाच्या दृष्टीने तर ती आदर्शच म्हणावी लागेल. परंतु नोंदवही ठेवणाऱ्याची सोय आणि नाव वापरणाऱ्याची सोय या दोन भिन्न गोष्टी आहेत. चार-पाच तुकड्यांचा लांबलचक पत्ता ग्राहकाच्या तोंडी बसेना. दुकान शेजारच्या गावी हलविले की पत्ता बदलणार. सर्व राज्यांत व्यापार करणाऱ्या कंपनीने कोणत्या गावाचे नाव लावावे, याला तर उत्तरच नव्हते. त्याच वेळी ‘डॉट कॉम’ कोणालाही, कोणताही दाखला न मागता, एका सुटसुटीत शब्दात मिळत होते. आणि सप्टेंबर १९९५ पर्यंत ते विनामूल्य होते, कारण त्याचा खर्च अमेरिकी शासनाचे राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान सोशीत असे. एकाच शासनाच्या छायेत दोन दालने उघडी होती. एका दालनात नियम आणि उतरंड, दुसऱ्या दालनात मुक्त प्रवेश. नागरिकांनी कोणते दालन निवडले हे सांगण्याची आवश्यकता नाही.

पोस्टेल यांचे ऑक्टोबर १९९८ मध्ये निधन झाले. २००१ च्या अखेरीस ‘डॉट यूएस’चे काम न्यूस्टार या कंपनीकडे देण्यात आले आणि एप्रिल २००२ पासून गावाच्या उतरंडीशिवाय थेट नाव मिळू लागले. तोवर सतरा वर्षे लोटली होती. अमेरिकी व्यापाऱ्यांनी आपल्या पाट्या, पावत्या आणि जाहिराती ‘डॉट कॉम’ने रंगविल्या होत्या. नवे नियमही पुरते सैल नव्हते. नाव घेणाऱ्याचा अमेरिकेशी प्रत्यक्ष संबंध असला पाहिजे, ही अट राहिली. ती समजण्यासारखी आहे. परंतु २००५ साली नोंदणीधारकाचे नाव व पत्ता झाकून ठेवण्यास मनाई करण्यात आली. घरून छोटा व्यवसाय करणाऱ्या नागरिकाला आपला राहता पत्ता जगजाहीर करणे भाग पडू लागले, तर तो दुसरीकडे जाणारच.

स्थानिक संस्थांचा आधारही पुढे सुटला. पूर्वी शहरे व परगणे ‘यूएस’खाली नोंदले जात. २००३ साली ‘डॉट जीओव्ही’ हे पद राज्ये व स्थानिक शासनांनाही खुले झाले आणि २०२१ पासून ते त्यांना विनामूल्य दिले जाते. याच सुमाराची एक सदिच्छापूर्ण योजना शिक्षकवर्गाने लक्षात घेण्याजोगी आहे. मुलांना निर्धोक मजकूर मिळावा म्हणून अमेरिकेच्या संसदेने २००२ मध्ये कायदा करून ‘किड्स डॉट यूएस’ असा स्वतंत्र विभाग निर्माण केला. त्या विभागातील पानांवरून बाहेरील पानांकडे दुवा देण्यास बंदी होती. साहजिकच शाळा आणि प्रकाशक तेथे फिरकले नाहीत. २०१२ मध्ये तो विभाग स्थगित करावा लागला.

जर्मनी, फ्रान्स, कॅनडा

जर्मनीने वेगळा मार्ग धरला. तेथील ‘डॉट डीई’ची नोंदवही डेनिक या सहकारी संस्थेकडे आहे. तिची स्थापना डिसेंबर १९९६ मध्ये झाली, कार्यालय फ्रँकफुर्टला आहे आणि नावे विकणाऱ्या कंपन्याच तिच्या सभासद आहेत. सहकाराचा अनुभव असलेल्या महाराष्ट्राला यातील मर्म चटकन उमगेल. विक्रेताच सभासद असल्याने दर अवाजवी वाढविण्यात संस्थेला स्वारस्य नाही आणि नावाचा खप वाढण्यात प्रत्येकाचा लाभ आहे. मागील तो प्रथम या तत्त्वावर, व्यवसायाचा दाखला न मागता नाव मिळू लागले. शिवाय भाषेचा प्रश्न होता. ‘डीई’ म्हणजे मजकूर जर्मन भाषेत असणार, ही खूणगाठ ग्राहकाने बांधली. अमेरिकी ग्राहकाला अशा खुणेची गरजच पडली नाही. त्याच्या दृष्टीने इंटरनेट इंग्रजीच होते आणि ‘कॉम’ म्हणजे आपलेच.

फ्रान्सचे उदाहरण मात्र उलट दिशेचे. भाषेचा अभिमान तेथे जर्मनीहून कमी नाही. परंतु मागितलेल्या नावावर आपला अधिकार असल्याचा पुरावा जोडल्याखेरीज ‘डॉट एफआर’ मिळत नसे. कंपनीला नोंदणीपत्र, संस्थेला घटना, असा तो कारभार. ही अट मे २००४ मध्ये रद्द झाली आणि खाजगी व्यक्तींना नाव मिळण्यास जून २००६ उजाडले. लबाडी रोखावी हा हेतू योग्यच होता. पण ज्यांना दाखले जमविण्याचा कंटाळा त्या प्रामाणिक फ्रेंच व्यापाऱ्यांनी ‘डॉट कॉम’ घेऊन टाकले. कॅनडातही २००० सालापर्यंत अमेरिकेसारखीच प्रांत व शहरांची उतरंड होती. तेथील नोंदवही डिसेंबर २००० मध्ये नव्या स्वायत्त संस्थेकडे गेली, थेट नावे सुलभतेने मिळू लागली, आणि आज अमेरिकेच्या आठव्या-नवव्या हिश्शाएवढ्या लोकसंख्येच्या कॅनडाची नावे ‘डॉट यूएस’पेक्षा अधिक आहेत.

यावरून निर्बंध काढले की काम झाले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. चीनने २००७ साली ‘डॉट सीएन’ नाममात्र एका युआनला देऊ केले. नोंदणीला पूर आला, त्याचबरोबर फसवणुकीच्या संकेतस्थळांनाही. डिसेंबर २००९ मध्ये शासनाने नियम कडक करून व्यक्तींना नावे देणे थांबविले आणि नोंदणी झपाट्याने खाली आली. व्यक्तींना पुन्हा परवानगी मिळाली ती २०१२ मध्ये. स्वस्ताईने संख्या वाढते, पत मात्र वाढेलच असे नाही.

बेटांचे भाग्य

काही देशनिदर्शक पदे जगभर गाजली, पण स्वदेशात नव्हे. प्रशांत महासागरातील तुवालू या चिमुकल्या राष्ट्राच्या वाट्याला ‘टीव्ही’ ही अक्षरे आली आणि दूरचित्रवाणी कंपन्यांनी ती भाड्याने घेतली. कॅरिबियन समुद्रातील अँग्विला बेटाला ‘एआय’ ही अक्षरे मिळाली होती. कृत्रिम बुद्धिमत्तेचे इंग्रजी आद्याक्षर तेच असल्याने २०२३ साली या एका पदाने बेटाच्या शासकीय महसुलाचा पाचव्या हिश्शाहून अधिक भाग उचलला. निउए बेटाचे ‘एनयू’ स्वीडनमध्ये लोकप्रिय झाले, कारण स्वीडिश भाषेत ‘नू’ म्हणजे ‘आता’. २०१३ पासून त्याची नोंदवही स्वीडिश प्रतिष्ठान सांभाळते आणि आपले नाव परत मिळावे म्हणून निउए शासनाला स्वीडनच्या न्यायालयाचे दार ठोठवावे लागले.

सर्वांत बोलके उदाहरण टोकेलाऊचे. दीड हजारांच्या आसपास वस्तीच्या या बेटांचे ‘टीके’ हे पद एका डच उद्योजकाच्या कंपनीने जगाला फुकट वाटले. एके काळी त्याखालील नावे दोन कोटींच्या वर गेली. परंतु फुकटाचे नाव फसवणूक करणाऱ्यांनीच अधिक उचलले. २०२३ मध्ये मेटा या कंपनीने खटला दाखल केल्यावर फुकट वाटप थांबले. तोवर बेटाच्या नावाची जी अप्रतिष्ठा व्हायची ती झाली होती.

नोंदवही कोणाच्या ताब्यात?

संकेतस्थळ चालले म्हणजे झाले, शेवटच्या अक्षरांनी काय बिघडते, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. बिघडते ते दोन ठिकाणी. ‘डॉट कॉम’ची नोंदवही अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील व्हेरिसाइन कंपनीकडे आहे. सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक नावामागे वर्षाला १० डॉलर २६ सेंट हा तिचा घाऊक दर आहे. सोलापुरातील व्यापाऱ्याने नाव कोठूनही घेतले तरी ही रक्कम तिकडे पोहोचते.

दुसरी बाब अधिकारक्षेत्राची, आणि ती अधिक गंभीर आहे. रोजादिरेक्ता हे क्रीडा सामन्यांचे दुवे देणारे स्पेनमधील संकेतस्थळ. स्पेनच्या न्यायालयात ते कायदेशीर ठरले होते. तरीही जानेवारी २०११ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी त्याचे ‘डॉट कॉम’ व ‘डॉट ऑर्ग’ पत्ते जप्त केले, कारण त्यांच्या नोंदवह्या अमेरिकेच्या भूमीवर होत्या. संकेतस्थळ स्पेनच्या ‘डॉट ईएस’ या पत्त्यावर चालू राहिले. जप्त नावे परत मिळण्यास ऑगस्ट २०१२ उजाडला. संस्था एका देशाची आणि तिचा पत्ता दुसऱ्या देशाच्या कायद्याखाली, असे त्रांगडे ‘डॉट कॉम’ घेणाऱ्याच्या सहसा ध्यानी येत नाही.

भारतातील वाटचाल

‘डॉट इन’ हे पद भारताला मे १९८९ मध्ये मिळाले. त्याची व्यवस्था मुंबईतील जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. शासकीय नावे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र देई, शिक्षणसंस्थांची ‘एसी डॉट इन’ नावे अर्नेट ही संस्था देई. नियम काटेकोर, पत्ता तीन तुकड्यांचा. सामान्य नागरिकांसाठी देशात इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली आणि पुढील दहा वर्षे भारतीय उद्योजकतेची या क्षेत्रातील उमेदीची वर्षे होती. मुंबईचे रेडिफ, दिल्लीजवळचे नोकरी ही तेव्हाची नावे. सर्व ‘डॉट कॉम’. २००४ सालच्या अखेरपर्यंत ‘डॉट इन’खाली जेमतेम ७ हजारांच्या आसपास नावे होती.

जानेवारी २००५ पासून नोंदवही निक्सी या संस्थेकडे आली, थेट नावे खुली झाली आणि २०११ मध्ये १० लाखांचा टप्पा ओलांडला गेला. आज ही संख्या ४० लाखांच्या घरात आहे. प्रगती निःसंशय मोठी आहे. तथापि १४० कोटींच्या देशात साडेतीनशे माणसांमागे एक नाव, हे प्रमाण अमेरिकेहूनही कमी भरते. यात आता नवे कारण मिसळले आहे. तालुक्याच्या गावचा दुकानदार संकेतस्थळ काढतच नाही. फेसबुकवरील पान आणि व्हॉट्सॲपचा क्रमांक यांवर त्याचे भागते. त्याला ‘डॉट इन’ही नको आणि ‘डॉट कॉम’ही नको.

देवनागरीतील ‘.भारत’ या पदाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. २७ ऑगस्ट २०१४ रोजी ते खुले झाले. मराठी व कोकणीसह आठ भाषांना त्याचा लाभ मिळाला आणि पुढे इतर भारतीय लिपींतही अशी पदे आली. राजस्थान शासनाने २०१७ मध्ये नागरिकांना हिंदीत ई-मेल पत्ते देऊ केले. तरी व्यवहारात ही नावे क्वचित आढळतात. पत्ता टंकताना कळफलक बदलावा लागतो. संगणक आतल्या आत देवनागरीचे रूपांतर रोमन अक्षरांच्या एका निरर्थक मालिकेत करतो आणि पत्ता दुसरीकडे उतरवून पाठविला की कधी कधी तीच मालिका वाचकापुढे उभी राहते. अनेक अर्जांच्या नमुन्यांत ई-मेलच्या रकान्यात देवनागरी अक्षर घातले की ‘पत्ता चुकीचा आहे’ असा शेरा येतो, मग तो अर्ज खुद्द मराठी पानावरचा का असेना. ज्या पत्त्याने अर्जच भरता येत नाही तो पत्ता पैसे मोजून कोण घेणार? रशियाने २०१० साली सिरिलिक लिपीतील पद खुले केले तेव्हा काही महिन्यांतच लक्षावधी नावे नोंदली गेली. तेथे कळफलकावर सिरिलिक अक्षरे नित्याचीच होती, हा मोठा फरक. असे असूनही रशियाचे रोमन ‘डॉट आरयू’ आजही त्याच्या कित्येक पट मोठे आहे.

देशनिदर्शक पदाला पत मिळवून देण्याचा अलीकडचा लक्षणीय प्रयत्न रिझर्व्ह बँकेचा आहे. बँकेच्या नावाशी साधर्म्य असलेला पत्ता घेऊन खातेदाराला फसविण्याचे प्रकार सर्वत्र घडतात. ‘डॉट कॉम’ कोणालाही मिळत असल्याने पत्त्यावरून खरे-खोटे ओळखण्याचा मार्ग खातेदाराला नव्हता. म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘बँक डॉट इन’ हा खास विभाग जाहीर केला. तेथे केवळ बँकांनाच नाव मिळते आणि सर्व बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे तेथे हलवावीत, असा आदेश निघाला. नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही त्याच्या कक्षेत होत्या. येथे अट कडक आहे, परंतु ती कडक असण्यातच खातेदाराचा लाभ आहे. फ्रान्सच्या अटीत तसा लाभ कोणाला दिसला नव्हता.

अशाच राखीव जागा इतर संस्थांसाठीही आहेत. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना ‘एसी डॉट इन’ व ‘ईडीयू डॉट इन’, तसेच देवनागरीत ‘विद्या.भारत’ ही नावे अर्नेटकडून मिळतात. ‘जीओव्ही डॉट इन’ व ‘सरकार.भारत’ ही शासकीय संस्थांसाठी आहेत. नाव कोणत्याही पदाखाली घेतले तरी ते मुदतीचे असते, एका वेळी अधिकाधिक दहा वर्षांचे. ‘डॉट कॉम’सारख्या खुल्या पदाखालील नावाची मुदत टळली की ते पुन्हा विक्रीस येते आणि कोणीही परका ते उचलू शकतो. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जुन्या पत्रकांवर, फलकांवर तोच पत्ता छापलेला राहतो आणि पालक किंवा ग्रामस्थ त्यावर विश्वासाने जातात. राखीव विभागातील नाव मात्र पात्र संस्थेखेरीज दुसऱ्या कोणाला दिले जात नाही.